चव्हाट्याचा व्यापारी

जेरी स्प्रिंगर हा अमेरिकन दूरचित्रवाणी सूत्रसंचालक २७ एप्रिल २०२३ रोजी शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निवर्तला. वय ७९ वर्षांचे होते. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या अनेक मृत्युलेखांतून एकच सूर निघत होता. माणूस मोठा सभ्य होता, बुद्धिमान होता, मृदुभाषी होता. त्याचा कार्यक्रम तेवढा उथळ होता. मृताविषयी वाईट बोलू नये हा संकेत आपल्याकडेही आहे आणि तो चांगला आहे. परंतु या मृत्युलेखांत सौजन्यापेक्षा सोय अधिक होती. सूत्रधार सभ्य ठरला की कार्यक्रमाचे पाप कोणाच्याच पदरी पडत नाही. ते वाऱ्यावर सोडून देता येते. वास्तविक आक्षेप नेमका याच्या उलट बाजूने घ्यावयास हवा. कार्यक्रम उथळ होता आणि सूत्रधार उथळ नव्हता, हाच स्प्रिंगरवरील आरोप आहे.

ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला नाही (आणि त्याबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर, 'द जेरी स्प्रिंगर शो' १९९१ ते २०१८ अशी सत्तावीस वर्षे चालला. त्याचे जवळजवळ चार हजार भाग झाले. मंचावर खुर्च्या मांडलेल्या असत. एका खुर्चीवर पत्नी बसे. पडद्याआडून पती येई आणि लक्षावधी प्रेक्षकांसमोर तिला सांगे की आपले संबंध तिच्या बहिणीशी आहेत. मग बहीण येई. खुर्च्या उडत, केस ओढले जात, कपडे फाटत, बळकट रक्षक मध्ये पडत, आणि प्रेक्षागृहातील जमाव मुठी हवेत नाचवीत सूत्रधाराच्या नावाचा गजर करी. यापुढच्या विषयांची यादी कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात देता येण्यासारखी नाही. हा सारा दंगा आटोपला की उत्तम शिवलेल्या सुटातील एक गृहस्थ शांत आवाजात दोन मिनिटांचे चिंतन सादर करी आणि स्वतःची व एकमेकांची काळजी घ्या, असे सांगून निरोप घेई.

या गृहस्थाचे पूर्वचरित्र पाहिल्याशिवाय त्या निरोपातील दंभ लक्षात येत नाही.

भुयारातील जन्म

स्प्रिंगरचा जन्म १३ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनमधील हायगेट या भुयारी रेल्वेच्या स्थानकात झाला. जर्मन बॉम्बवर्षावापासून बचाव करण्यासाठी लंडनकर त्या काळी अशा स्थानकांत आश्रय घेत. त्याचे आई-वडील नाझींच्या छळातून सुटून आलेले ज्यू निर्वासित होते. मागे राहिलेल्या दोन्ही आज्या वाचल्या नाहीत. एकीचा अंत थेरेसियनश्टाट येथील छळछावणीत झाला, दुसरीला पोलंडमधील खेल्मनो येथे मारण्यात आले. २००८ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या एका वंशशोधाच्या कार्यक्रमासाठी तो त्या ठिकाणी गेला, तेव्हा कॅमेऱ्यासमोर तो रडला. ते अश्रू खरे होते, याविषयी शंका घेणे क्षुद्रपणाचे ठरेल.

१९४९ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. मुलगा हुशार निघाला. ट्युलेन विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून कायद्याची पदवी, रॉबर्ट केनेडी यांच्या निवडणूक मोहिमेत काम, आणि १९७१ साली ओहायो राज्यातील सिनसिनाटीच्या नगरपरिषदेवर निवड. वय अवघे सत्तावीस. निर्वासिताच्या मुलाने लोकशाहीतून असे वर यावे, यात अमेरिकेचेही भूषण होते.

१९७४ साली हे सारे कोसळले. शेजारच्या केंटकी राज्यातील एका 'मसाज पार्लर'मधील वेश्येला त्याने पैसे दिले होते आणि ते धनादेशाने दिले होते. स्वतःच्या सहीचा पुरावा मागे ठेवणाऱ्या या वकिलाची त्या काळी भरपूर टर उडविली गेली. प्रकरण बाहेर येताच त्याने पत्रकार परिषद घेऊन दोष कबूल केला आणि राजीनामा दिला. पुढे जे झाले ते या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. सिनसिनाटीच्या मतदारांनी त्याला क्षमा केली. १९७५ साली तो पुन्हा निवडून आला आणि १९७७ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी शहराचा महापौर झाला. १९८२ साली राज्यपालपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्याने त्या धनादेशाचा उल्लेख स्वतःच जाहिरातीत केला. ती निवडणूक तो हरला, पण समाजातून उठला नाही. स्थानिक वाहिनीवर तो राजकीय भाष्यकार झाला, मग प्रमुख वृत्तनिवेदक झाला. त्याच्या भाष्यांना प्रादेशिक एमी पुरस्कार मिळाले. काळजी घ्या हा तो प्रसिद्ध निरोपही मूळचा याच काळातला, बातम्यांच्या शेवटी दिलेला.

म्हणजे, चव्हाट्यावर आलेली लाज म्हणजे काय हे या माणसाने स्वतः भोगले होते. त्याच्या वाट्याला जे आले त्यात त्याला स्वतःचे शब्द निवडण्याची मुभा होती. त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले गेले. कोणी त्याच्या पत्नीला आणून अचानक समोर उभे केले नाही, कोणी घंटा वाजवली नाही, कोणी मुठी नाचवल्या नाहीत. एका सामान्य औद्योगिक शहराने त्याला दाखवलेली ही सभ्यता त्याने पुढच्या सत्तावीस वर्षांत आपल्या मंचावर आलेल्या किती जणांना दाखविली?

आवाज बंद करून पाहण्याचा कार्यक्रम

१९९१ च्या सप्टेंबरात कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो असा नव्हता. बेघरांचे प्रश्न, बंदुकांवरील नियंत्रण, राजकारण असे विषय असत. प्रेक्षकसंख्या मात्र वाढेना. १९९४ साली रिचर्ड डॉमिनिक हा नवा निर्माता आला. अचाट आणि अशक्य मथळ्यांच्या साप्ताहिकांतून लिहिण्याचा त्याला अनुभव होता. आवाज बंद ठेवून वाहिन्या बदलणाऱ्या माणसाचाही अंगठा आपल्या वाहिनीवर थबकला पाहिजे, ही त्याची कसोटी होती. या कसोटीचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या कार्यक्रमाचे सारे भांडवल बोलणे, त्यात बोलण्याला किंमत राहिली नाही. जे ऐकावे लागते ते बाद झाले. जे दिसते तेवढे उरले. आणि आवाजाशिवाय दूरवरून काय दिसते? मारामारी दिसते, फाटलेले वस्त्र दिसते, रडणारा चेहरा दिसतो.

कसोटी यशस्वी झाली. १९९८ साली या कार्यक्रमाने ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमालाही काही काळ मागे टाकले. प्रक्षेपणातून कापलेली दृश्ये एकत्र करून त्यांच्या चित्रफिती स्वतंत्रपणे विकण्यात आल्या. कापलेला भागही वाया जाऊ नये, ही काटकसर दाद देण्यासारखी म्हणावयाची! २००२ साली 'टीव्ही गाइड' या नियतकालिकाने त्याला आजवरचा सर्वांत वाईट कार्यक्रम ठरविले, तेव्हा त्याचीही जाहिरातच झाली.

पाहुणे कोठून येत? कार्यक्रमाच्या पडद्यावरच दूरध्वनी क्रमांक दिलेला असे. घरात भांडण आहे, गुपित आहे, तर फोन करा. फोन करणारे बहुधा लहान गावांतले, अल्पशिक्षित, अल्पवेतनी लोक असत. त्यांना विमानाचे तिकीट मिळे, शिकागोतील हॉटेलात मुक्काम मिळे, मोठी मोटार न्यावयास येई. ज्या घरात कोणी विमानात बसलेले नाही, त्या घराला हे आमंत्रण केवढे वाटत असेल! २०२५ च्या जानेवारीत या कार्यक्रमावरील माहितीपट नेटफ्लिक्सवर आला. पाहुण्यांना मंचावर सोडण्यापूर्वी त्यांचा राग कसा पेटवला जाई, हे त्यात तेथील माजी निर्मात्यांनीच सांगितले आहे. चूल पेटविण्यास फुंकणी लागते. येथे फुंकणी मारणारे पगारी लोक होते.

१९९९ साली शिकागोच्या नगरपरिषदेने स्प्रिंगरला बोलावून सरळ प्रश्न विचारला. ही मारामारी खरी असेल तर गुन्हा आहे, मग अटक का होत नाही? आणि खोटी असेल तर ती प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय? नॉर्थवेस्टर्नमधून वकील होऊन बाहेर पडलेल्या या गृहस्थाने या पेचातून शब्दांच्या कसरती करीत अंग काढून घेतले. त्यापूर्वी १९९७ साली शिकागोच्या एका वाहिनीने त्याला बातम्यांत भाष्यकार म्हणून घेतले, तेव्हा कॅरोल मरिन आणि रॉन मॅगर्स या दोन्ही ज्येष्ठ वृत्तनिवेदकांनी निषेध म्हणून नोकरी सोडली. स्प्रिंगर दोन भाष्ये करून परतला. अमेरिकेत सारेच विकाऊ असते असे मानणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

गरिबाचा कैवार?

स्प्रिंगरच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो स्वतःही करीत असे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणे की, श्रीमंत आणि प्रसिद्ध लोक आपली लफडी मुलाखतींतून सांगतात, आत्मचरित्रे लिहितात आणि त्यांना धैर्यवान म्हटले जाते. तेच गरिबाने सांगितले की त्याला कचरा म्हटले जाते. हा वर्गद्वेष आहे. माझ्या मंचावर सामान्य माणसाला आवाज मिळतो.

यातील पहिले अर्धे वाक्य खरे आहे. उच्चभ्रूंच्या व्यभिचाराला गुळगुळीत कागद मिळतो हे कोणास नाकारता येईल? परंतु चित्रपट-नट मुलाखतीस येतो तेव्हा त्याच्यासोबत प्रसिद्धी सल्लागार असतो, वकील असतो, मानधनाचा करार असतो. कोणता प्रश्न विचारू नये, हे आधी ठरलेले असते. स्प्रिंगरच्या खुर्चीवर बसलेल्या पत्नीला पडद्याआडून कोण येणार हेही पुष्कळदा ठाऊक नसे. ज्याला स्वतःच्या गोष्टीचा पुढचा प्रसंग माहीत नाही, त्याला आवाज मिळाला असे म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. आणि आवाज बंद करून पाहता यावा अशा बेताने रचलेल्या कार्यक्रमात आवाज मिळाला, हे म्हणणे तर त्याहून मोठी थट्टा!

आपल्या पाहुण्यांविषयी स्प्रिंगरचे मनापासूनचे मत काय होते, हे त्याच्याच एका वाक्यावरून उघड होते. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने ट्विटरवर लिहिले की, हिलरी क्लिंटन यांची जागा व्हाइट हाउसमध्ये आहे आणि डोनाल्ड ट्रम्प यांची जागा माझ्या कार्यक्रमात आहे. देशभर हशा पिकला. या विनोदाला राजकीय बाजू आहे; ती येथे बाजूला ठेवू. हा विनोद कशावर उभा आहे? एखाद्याला हीन ठरवायचे तर त्याची जागा माझ्या मंचावर आहे एवढे म्हटले की पुरे, या गृहीतावर. पंचवीस वर्षे ज्यांना सामान्य माणूस म्हणून गौरविले, ते यजमानाच्या लेखी शिवी होते. २००३ साली ओहायोतून सिनेटची निवडणूक लढविण्याचा विचार त्याने सोडला, तोही या कार्यक्रमाची सावली आपल्या उमेदवारीवर पडते हे ओळखूनच. आपण हा कार्यक्रम पाहत नाही, असेही तो सांगे. हलवायाने आपल्या दुकानातील मिठाईला हात लावू नये, यावरून गिऱ्हाइकाने काय समजावे?

रडून निघून गेलेली बाई

मे २००० मध्ये एका भागाचे चित्रीकरण झाले. एक पुरुष, त्याची नवी पत्नी आणि त्याची घटस्फोटित पत्नी. नव्या जोडप्याने जुन्या पत्नीला प्रेक्षकांसमोर झिडकारले. ती मंच सोडून निघून गेली. २४ जुलै रोजी तो भाग प्रसारित झाला. त्याच दिवशी फ्लोरिडातील एका घरात त्या स्त्रीचा मृतदेह आढळला. पूर्वपतीवर खुनाचा आरोप सिद्ध होऊन त्याला जन्मठेप झाली. तिच्या मुलांनी कार्यक्रमाविरुद्ध दावा लावला, तो टिकला नाही.

हा खून कार्यक्रमाने केला असे म्हणता येणार नाही. त्या घरात हिंसा आधीपासून होती आणि गुन्हेगार तो पुरुषच. परंतु जळत्या घरात तिकीट लावून प्रेक्षक बसविणाऱ्याला, आग मी लावली नाही, एवढे सांगून सुटता येते काय? कार्यक्रम त्यानंतर आणखी अठरा वर्षे चालला. मध्यंतरी लंडनच्या नॅशनल थिएटरने २००३ साली त्याच्यावर 'ऑपेरा' रचून सादर केला, त्याला मानाचा ऑलिव्हिए पुरस्कारही मिळाला. गरिबांची मारामारी आधी कारखान्यातल्या कामगाराने पाहिली; मग तिकीट काढून अभिजनांनी पाहिली. २००७ आणि २००८ साली 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' या लोकप्रिय रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्याच्याकडे आले. आता तो घराघरांतील आजोबांना चालण्यासारखा गृहस्थ झाला होता. अखेरीस २०१९ ते २०२२ या काळात तो पडद्यावर न्यायाधीशाचा झगा घालून निवाडेही देऊ लागला.

या साऱ्याला इंग्रजी शिकलेले आपल्याकडचे लोक सहज 'अमेरिकेतला तमाशा' म्हणून मोकळे होतात. हा तमाशावर अन्याय आहे. वगातला सोंगाड्या कोणाची फजिती करतो? 'विच्छा माझी पुरी करा' आठवावे. राजाची, प्रधानाची, कोतवालाची. समोर बसलेला रयतेतला माणूस हसतो, तो आपल्यावर सत्ता गाजविणाऱ्याला हसतो. शिवाय ज्याच्या अंगावर हसू येते तो नट असतो; खेळ संपला की मिशा काढून घरी जातो. स्प्रिंगरच्या खेळात पाटलाच्या जागी कोणी नव्हते. तेथे रयतच रयतेला हसत होती आणि कोतवाल तिकीटविक्रीचा हिशेब करीत होता.

रिमोटचे उत्तर

ही वाट भारतात यायला फार काळ लागला नाही. जुलै २००९ मध्ये 'स्टार प्लस'वर 'सच का सामना' सुरू झाले. खोटे पकडणाऱ्या यंत्राची साक्ष, समोर बसलेले आई-वडील वा जीवनसाथी, आणि शय्यागृहातील प्रश्नांच्या उत्तरासाठी एक कोटीपर्यंतचे आमिष. राज्यसभेत विषय निघाला, याचिका झाल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या फेटाळल्या. न पटल्यास संच बंद करावा, असा त्यातील एकंदर सूर. पुढच्याच वर्षी 'राखी का इन्साफ' आला. त्यात सहभागी झालेल्या झाशीकडील एका तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा कार्यक्रमात त्याच्या पौरुषावरून झालेला अपमान त्याला लागला, असा आरोप कुटुंबीयांनी केला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो कार्यक्रम रात्री अकरानंतर दाखविण्याचा आदेश दिला.

न्यायालयाचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने चुकीचे नव्हते आणि मंत्रालयाचे उत्तर प्रशासकीय दृष्ट्या सोपे होते. पण दोन्ही उत्तरे प्रेक्षकाला दिलेली आहेत. रिमोट प्रेक्षकाचे रक्षण करतो. मंचावरील माणसाचे तो काय करणार? रात्री आठला झालेला अपमान अकराला दाखविल्याने कमी होत नाही. संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावयास हवे. आपल्या मुलांच्या कानांवर काय पडेल, या एकाच काळजीने आपण बोलत राहिलो, तर त्या मंचावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाविषयी आपल्याला काही म्हणावयाचे नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

ब्रिटनला हे उशिरा उमगले. तेथील 'जेरेमी काइल शो' २००५ पासून याच धर्तीवर चालला होता. मे २०१९ मध्ये एका सहभागी व्यक्तीचा चित्रीकरणानंतर काही दिवसांतच मृत्यू झाला आणि आयटीव्ही वाहिनीने तो कार्यक्रम कायमचा बंद केला. २०२४ साली झालेल्या मृत्यूच्या चौकशीत कार्यक्रम आणि मृत्यू यांचा थेट कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र त्या निष्कर्षाची वाट न पाहता तेथील नियामक 'ऑफकॉम'ने एप्रिल २०२१ पासून सहभागी व्यक्तींच्या हिताची काळजी घेण्याचे नियम लागू केले होते. भारतात १९९४ च्या केबल नियमांतील कार्यक्रम संहिता मुख्यतः अश्लीलता, बदनामी आणि प्रेक्षकांवरील परिणाम यांचा विचार करते. भुलवून, अर्धवट सांगून मंचावर आणलेल्या माणसाला चित्रीकरणानंतर आपली संमती मागे घेता यावी, एवढी साधी तरतूद कोणी का मागू नये? घरातील जमिनीचा तुकडा विकताना आपण चार जणांना विचारतो, कागद वाचून घेतो. येथे माणूस आपली अब्रू एका सहीवर देऊन जातो आणि ती परत मिळण्याची सोय नाही.

स्प्रिंगरने २०२२ च्या नोव्हेंबरात एका मुलाखतीत, आपण संस्कृतीचा नाश केला अशी कबुली देऊन क्षमा मागितली. लगेच पुढे नरक फार गरम नसावा, आपली कातडी लवकर भाजते, असा विनोदही केला. त्यानंतर पाच महिन्यांनी तो गेला. त्या कार्यक्रमाचे तुकडे आजही इंटरनेटवर आहेत आणि लक्षावधी लोक ते पाहतात. १९९८ साली विशीत असलेली एखादी मुलगी आज पन्नाशीकडे आली असेल. एखाद्या लहान गावात नोकरी करीत असेल, नातवंडांना सांभाळीत असेल. आवाज बंद करून पाहिले तरी तिचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो.